चैतालीच्या सहा ओळी

कोथरूड,
शनिवार, ८ मार्च २०२५

चैताली,

आशीर्वाद वगैरे आई स्वतःच घेऊन येत आहेत, तेव्हा मी थेट कामाचं लिहिते. हे पत्र त्यांच्या पिशवीत मंडईतल्या मेथीखाली ठेवलं आहे. घरच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलीस, फोन मी करणार नाही, आणि ऑफिसच्या मेलवर जावेने जावेला काय लिहावं याचा नमुना अजून कुणी काढलेला नाही. राहता राहिल्या आई आणि त्यांची मेट्रो. खराडी काही परदेशात नाही, पण साईनाथभाऊजी आणि तू तिथे तसेच राहता, म्हणून पत्र.

काम असं आहे. आपल्या तिन्ही स्टाईलशीट एकत्र करायचं जावेदसरांनी ठरवलं आहे. हो, तेच तुझं तीन वर्षांपूर्वीचं, तू ऑफिस सोडलंस तेव्हाचं खूळ. हसून घे. झालं असं, की पानाच्या आकड्यांची एक दुरुस्ती कायद्याच्या मासिकात केली, परीक्षेच्या पुस्तकांत केली आणि डॉक्टरांच्या पुस्तकात करायची राहून गेली. प्रकाशकाने फोनवर जे काही ऐकवलं ते सरांना घरी सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सर म्हणाले, की तेच ते तीन ठिकाणी लिहिलं की एक ठिकाण विसरणारच. स्वतःला आत्ताच सुचल्यासारखं म्हणाले. मला मात्र त्यात तुझाच आवाज ऐकू आला आणि माझा चहा गार झाला.

काल आई विचारत होत्या, ‘तुमी दोघी त्या हापिसात नक्की करत व्हता तरी काय?’ मी सांगितलं, की प्रकाशक नुसता मजकूर पाठवतो, त्यात हे शीर्षक, हा तक्ता, ही तळटीप एवढ्या खुणा असतात. तो मजकूर कागदावर आणि पडद्यावर कसा उतरायचा, हे सांगणारी फाइल आम्ही लिहितो. त्या म्हणाल्या, ‘मग एकच लिहायची की. तीन कशाला?’ बघ, तुझी बाजू घेणारे घरातच आहेत.

तीन का, ते तुला माहीत आहे. पहिली, कायद्याच्या मासिकाची, मी लिहिली. नवं गिऱ्हाईक आलं की जुनी फाइल कॉपी करायची, नाव बदलायचं आणि पुढे जायचं, ही आपल्याकडची रीत. डॉक्टरांच्या पुस्तकाची तुझी फाइल म्हणजे माझीच फाइल, दुसऱ्या कपड्यांत. मला त्याचं काही वाटत नाही. फक्त परवा सर म्हणाले, ‘चैतालीची फाइल वाचायला किती सोपी आहे,’ तेव्हा जरा वाटलं.

आता प्रश्न. तक्ता एका पानावर मावला नाही, की पुढच्या पानावर त्याची मथळ्याची ओळ पुन्हा छापायची, एवढं माझ्या फाइलीत आहे. तुझ्या फाइलीत त्याखाली सहा ओळी जास्त आहेत. मथळ्याखाली एककं लिहिलेली असतात ना, रुपये, दिवस, ग्रॅम, ती ओळसुद्धा तू पुन्हा छापतेस. का, ते कुठेही लिहिलेलं नाही. नुसती सजावट असेल तर मी काढून टाकते. रविवारी आईंबरोबर उत्तर पाठव.

तेजस्विनी

ता.क. माझ्या मुक्ताईला बालवाडीत बक्षीस मिळालं. हे तुला आईंनी माझ्याआधीच सांगितलं असेल.


कोथरूड,
शनिवार, २२ मार्च

चैताली,

तुझं उत्तर मिळालं. ‘ताई, त्या सहा ओळी काढू नका.’ बस. एवढंच. एवढ्यासाठी पाकीट चिकटवायचे कष्ट कशाला घेतलेस?

कारण सांगायला कमीपणा वाटला का? लग्न होऊन आलीस तेव्हा स्टाईलशीट खातात की नेसतात हे तुला माहीत नव्हतं. आपल्या जेवणाच्या टेबलावर, रात्रीची भांडी आवरून, मी तुला ओळ न् ओळ शिकवली. सरांकडे तुझा शब्द मी टाकला. तेव्हा ‘ताई, हे असं का?’ असं तू दहादा विचारायचीस आणि दहादा मी सांगायचे. आज मी एकदा विचारलं.

तिन्ही फाइली एक करा म्हणालीस, ती मीटिंग मी विसरलेले नाही. मला एका शब्दाने न विचारता तू सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘आमच्या घरी वाटण एकदाच वाटतात. त्यातूनच आईंची कमी तिखट भाजी होते, साईनाथची झणझणीत होते. प्रत्येकासाठी वेगळं वाटण कुणी वाटत नाही.’ सगळे हसले. सरही हसले. इतकं सोपं करून सांगितलं म्हणून सगळ्यांनी तुला नावाजलं. अगं, ते वाटण पहाटे उठून मी वाटायचे. मिक्सरचं भांडं धुवायचे मी, आणि उदाहरण द्यायची तू.

म्हणून मी उठले आणि म्हणाले, की वाटण खारट झालं तर तिन्ही भाज्या फुकट जातात. तेही खरंच होतं. सरांनी माझं ऐकलं. तू राजीनामा दिलास आणि पुढे दोन महिन्यांत तुमचं सामान खराडीला गेलं. समोरच्या तुमच्या फ्लॅटला कुलूप लागलं. आई त्या कुलपाकडे बघून मला काही बोलल्या नाहीत, त्याबद्दल आजतागायत बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणखी एक सांगते, एकदा सांगूनच टाकते. मुक्ताई तान्ही असताना तिला ताप आला, की तिचा बाबा असून रणजित आधी तुला हाक मारायचा. मी समोर उभी असायचे, औषधाची बाटली माझ्या हातात असायची आणि तो दारातून ओरडायचा, ‘चैताली, जरा बघतेस का?’ जन्म मी दिला होता. तुम्ही गेल्यावरही तो औषधाला हात लावत नाही, थर्मामीटर हातात घेऊन नुसता उभा राहतो. तू काय जादू केली होतीस माझ्या घरावर, ते मला अजून कळलेलं नाही.

असो. ज्याचं कारण सांगता येत नाही ते मी फाइलीत ठेवत नाही. हा नियम तुला शिकवला होता. तुझ्या सहा ओळी काढल्या आहेत.

तेजस्विनी


कोथरूड,
शनिवार, ५ एप्रिल

चैताली,

तू उत्तर दिलं नाहीस. आईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘तिनं वाचलं, घडी घातली आन् कपाटात ठिवलं. च्या केला मला.’ चहा चांगला होता हेही सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

तरी कळवते. फाइल तयार झाली. तिन्हींमध्ये जे जे सारखं होतं ते सगळं एका मूळ फाइलीत आलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी फक्त वेगळेपणाची छोटी फाइल उरली. मूळ फाइल कुणाची, हे तुला सांगायला नको. तुझी डॉक्टरांची फाइल एवढी ऐसपैस होती, ती आता दीड पानाची झाली आहे. सारखं ते काढून घेतल्यावर माणसाचं स्वतःचं किती उरतं, ते बघण्यासारखं असतं. तो आकडा मी सरांच्या टेबलावर जरा ठळक करून ठेवला. मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

सरांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, ‘तेजस्विनी, छान. आता तीन फाइलींना तीन माणसं नकोत. एकच माणूस ही मूळ फाइल सांभाळेल. मी चैतालीला परत बोलवायचा विचार करतोय. कल्पना तिचीच होती ना?’

मी म्हटलं, ती खराडीत सुखात आहे. तिचा पगार आपल्याला परवडणार नाही. तिचं आणि आपलं जमलं नव्हतं. सर मान हलवत राहिले. मग मी म्हटलं, की तिच्या ज्या खास गोष्टी होत्या त्या काढून टाकल्या तरी पुस्तकात काडीचा फरक पडलेला नाही. हे मी सिद्ध करून दाखवते.

ते आता करते आहे. डॉक्टरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती महिन्याच्या मध्याला छापायला जाते. तुझ्या जुन्या फाइलीतून अख्खं पुस्तक काढलं आहे आणि माझ्या नव्या फाइलीतूनही काढलं आहे. पानाशेजारी पान ठेवून तपासते आहे. एकही पान वेगळं निघालं नाही, की तो गठ्ठा सरांपुढे ठेवणार आणि तुझा विषय संपवणार. तू माझ्या जागी असतीस तर हेच केलं असतंस. नसतंस केलं, हेही मला माहीत आहे आणि त्याचाच मला राग येतो.

मुक्ताईच्या वाढदिवसाला तू पाठवलेला फ्रॉक तिला बरोबर बसला. मी आणलेला आखूड झाला. तिने तुझाच घातला. माप तुला कुणी सांगितलं?

तेजस्विनी


कोथरूड,
शुक्रवार, ११ एप्रिल

चैताली,

आई परवा येतील, तोपर्यंत थांबवत नाही आणि फोनही उचलवत नाही. लिहून ठेवते.

एक पान वेगळं निघालं.

लहान मुलांच्या औषधांचं प्रकरण आहे. तापाच्या औषधाचा तक्ता एका पानाच्या तळाशी सुरू होतो आणि पुढच्या पानावर जातो. पहिल्या पानावर ‘मात्रा’ आणि त्याखाली ‘थेंब’. तुझ्या फाइलीतून काढलेल्या पुस्तकात पुढच्या पानावरही ‘मात्रा’ आणि खाली ‘थेंब’. माझ्यात नुसतं ‘मात्रा’. त्याखाली वजनाप्रमाणे आकडे. दहा, बारा, पंधरा. कशाचे बारा, ते कुठेच नाही.

खरं सांगू, पहिल्यांदा मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. सहा ओळी परत घालायला किती वेळ लागतो? घातल्या असत्या, पानं पुन्हा काढली असती आणि सरांना म्हटलं असतं, की बघा, सगळं सारखं आहे. तुझ्या ओळी माझ्या म्हणून राहिल्या असत्या. मी फाइल उघडलीसुद्धा. मग ते पान नुसतं पर्समध्ये टाकलं आणि घरी आले. घरी येऊन काय करणार होते, ते मलाही ठाऊक नव्हतं.

ते पान जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. रणजित पाणी प्यायला आला. त्याने ते उचललं, वाचलं आणि खुर्ची ओढून बसला. म्हणाला, ‘हे परत कुठून आलं?’

मी म्हटलं, परत म्हणजे काय?

मग त्याने सांगितलं. मुक्ताई दहा महिन्यांची होती. मी ऑफिसात अडकले होते, आई मंडईत गेल्या होत्या आणि पोर तापाने फणफणली होती. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. याच टेबलावर डॉक्टरांच्या पुस्तकाची छापायच्या आधीची पानं पडली होती, आपण दोघी तपासायला घरी आणायचो ती. रणजितला वाटलं, घरात साक्षात डॉक्टरांचं पुस्तक आहे, आणखी काय पाहिजे? आपल्यासारख्यांच्या घरातच अशी अक्कल सुचते. त्याने तक्त्याचं दुसरं पान उघडलं, मुक्ताईच्या वजनासमोर बारा वाचलं आणि थेंबांच्या बाटलीतून मापाच्या झाकणाने बारा मिलिलिटर ओतायला लागला. बाटली जवळजवळ रिकामी झाली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. वाटीत ते औषध होतं, चमचा तिच्या तोंडाशी होता. तू समोरच्या दारातून आलीस, बाटलीकडे पाहिलंस आणि त्याच्या हातावर फटका मारलास.

चमचा उडाला, वाटी फुटली. ती वाटी मला आठवते. संध्याकाळी मी आले तेव्हा तू म्हणालीस, ‘ताई, माझ्या हातून फुटली.’ मी तुला बोललेही होते. लग्नातला सेट होता.

रणजित म्हणाला, ‘तिनं मला सांगितलं, भाऊजी, कुणाला बोलू नका. ताईंना कळलं तर त्या स्वतःला दोष देतील. तक्त्याचा तो नियम त्यांच्याच फाइलीतून आला आहे. मी बघते त्याचं काय करायचं ते.’ आणि तू बघितलंस. दुसऱ्या दिवशी सहा ओळी लिहिल्यास. कारण लिहिलं नाहीस. ते लिहायचं तर कुणाचं नाव लिहिणार होतीस?

आणि मीटिंगमध्ये तू उठलीस तेव्हा त्या ओळी फक्त तुझ्या फाइलीत होत्या. माझ्या फाइलीत नव्हत्या. तू त्या तिन्ही ठिकाणी न्यायला बघत होतीस ना? आणि मी वाटण खारट होईल म्हणाले.

मला आत्ता तुझे आभार मानायला पाहिजेत. ते मानायला शब्द मिळत नाहीत आणि राग मात्र येतोच आहे. माझ्या मुलीचा जीव वाचवायलाही तूच असायला हवी होतीस? मी नव्हते तिथे. मी त्या वेळी सरांना दाखवायला माझी फाइल नीट लावत बसले होते.

रणजित अजून टेबलाशी बसला आहे. मी त्याला काही बोललेले नाही.

तेजस्विनी


कोथरूड,
शनिवार, १९ एप्रिल

चैताली,

तुझी चिठ्ठी आईंनी दारातच हातात दिली. पिशवीतही टाकली नाही. ‘ताई, भाऊजींना काही बोलू नका, ते त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते.’ या वेळी कारण लिहिलंस, हे बरं केलंस.

नाही बोलले. त्याला थर्मामीटर हातात घेऊन उभं राहताना इतकी वर्षं पाहिलं आणि मला वाटायचं, की माझ्यावर याचा विश्वास नाही. त्याचा स्वतःवर नव्हता. काल मुक्ताईला सर्दीचं औषध द्यायचं होतं. मी चमचा त्याच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिले. त्याने तीनदा वाचलं. दिलं.

मंगळवारी सरांकडे गेले. दोन्ही पानं त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, फरक पडतो. या ओळी चैतालीच्या आहेत, मी काढल्या होत्या, आणि पुस्तक असंच गेलं असतं तर कुठल्या तरी घरात कुणीतरी ‘बारा’ वाचलं असतं. आपल्या घरचं सांगितलं नाही. ते आपल्या तिघांत राहू दे. सरांनी छपाई थांबवली. एका शब्दाने रागावले नाहीत. नुसते म्हणाले, ‘मग या ओळी डॉक्टरांच्या छोट्या फाइलीत परत घाला.’

मी म्हटलं, नाही. मूळ फाइलीत घालते. मासिकातल्या दंडाच्या तक्त्यालाही रुपये लागतात आणि परीक्षेच्या पुस्तकातल्या वेगालाही किलोमीटर लागतात. जे सगळ्यांना हवं ते एकदाच लिहायचं आणि सगळ्यांच्या खाली ठेवायचं. हे बोलताना ऐकलं, की मी तुझंच वाक्य बोलते आहे. सरांनीही ऐकलं. ते खिडकीकडे बघत राहिले, पुण्याच्या माणसाला तेवढी सभ्यता असते.

घातल्या आहेत. जशाच्या तशा, एक शब्द बदलला नाही. बदलण्यासारखं काही सापडतं का ते मात्र शोधलं. वर कारण लिहिलं आहे, की तक्ता तुटला तरी एकक तुटू नये. खाली तुझं नाव आहे.

मग सरांनी विचारलं, मूळ फाइल कुणी सांभाळायची. मी ‘चैतालीला बोलवा’ म्हणाले. आनंदाने म्हणाले असं समजू नकोस. पण म्हणाले. तू येशील तेव्हा माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसशील, सर तुझ्या फाइलीचं कौतुक करतील, आई तुझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त घालतील आणि मी जळेन. ते जाणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण जळायचं तर समोरासमोर जळावं. खराडीपर्यंत धूर पाठवून माझाच घसा बसला.

उद्या आईंना एकट्यांना पाठवत नाही. मीही येते. हे पत्र माझ्याच हाताने देणार आहे, ते तू माझ्यासमोर वाचू नकोस. वाटण डब्यात भरून आणते आहे, तुमची भाजी तू कर. तिखट किती घालायचं ते तुझं तू ठरव.

समोरच्या फ्लॅटची किल्ली आईंनी आज देवघरातून काढून पुसून ठेवली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मुक्ताई रोज विचारते, ‘काकू कधी येणार?’ झोपताना विचारते, फ्रॉक घालताना विचारते, माझ्या हातचा घास तोंडात असताना विचारते. ते ऐकलं की मला आजही तुझा राग येतो.

पण विचारायला ती आहे.

तुझी,
तेजूताई